वैद्यांना शिकवणारे वैद्य : हिंगोलीकडून पाहताना

हिंगोली जिल्ह्याशी मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याची पहिली ओळख होते ती नरसी आणि औंढा या दोन गावांमुळे. परंपरा नामदेवांचा जन्म नरसीला सांगते आणि विसोबा खेचरांशी त्यांची गाठ औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात घालून देते. त्या भेटीमागची कथा सर्वांना ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले, जमलेल्या संतांच्या डोक्यांवरून ते फिरवले, आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. कीर्तनात ही कथा बहुधा अहंकाराच्या अंगाने रंगवली जाते. मला मात्र तिच्यातली एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटत आली आहे. नामदेव त्या वेळी नवशिके नव्हते. त्यांचे नाव झालेले होते, त्यांच्याकडे लोक ऐकायला येत होते. अशा माणसाला सांगितले गेले, की तुझे अजून शिकायचे राहिले आहे. आणि तो रुसला, पण अखेर उठून औंढ्याला गेला.

ही कथा अलीकडे आठवली ती अगदी निराळ्या निमित्ताने. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत हिंगोलीचे नाव होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा हा लहानसा जिल्हा. गंभीर अपघात झाला की रुग्णाला घेऊन कळमनुरी-अर्धापूरच्या रस्त्याने नांदेड गाठायचे, हे इथल्या घराघरांत पाठ झालेले. तिथे शंभर विद्यार्थ्यांची तुकडी सुरू झाली, याचा आनंद कोणालाही व्हावा. त्या आनंदात एक प्रश्न मनात राहून गेला. डॉक्टर घडवण्यासाठी महाविद्यालय उभे राहिले. पण तिथे शिकवणारा डॉक्टर कुठे घडतो? आणि रात्री दोन वाजता अपघात विभागाच्या दारात टेम्पो थांबतो, त्या क्षणी शेजारच्या विद्यार्थ्याला शिकवायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले असते?

प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाही. अमेरिकेत यावर एक व्यवस्थाच उभी राहिली आहे. तिथे आकस्मिक वैद्यक हे स्वतंत्र शास्त्र मानले गेले तेच मुळी उशिरा. १९६१ साली व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे जेम्स मिल्स आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आपापले खासगी व्यवसाय सोडून रुग्णालयाच्या तातडीच्या खोलीत पूर्ण वेळ काम करायचे ठरवले; १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाचे पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले; १९७९ मध्ये विषयाला अधिकृत विशेषशाखेचा दर्जा मिळाला. पुढे असे ध्यानात आले, की या शाखेत निष्णात झालेला वैद्य आपोआप चांगला शिक्षक होत नाही. म्हणून ज्याला शिकवण्यातच आयुष्य घालवायचे आहे त्याच्यासाठी प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर आणखी एक-दोन वर्षांची फेलोशिप निघाली. शासकीय परिभाषेत तिला अधिछात्रवृत्ती म्हणतात. शब्द जड आहे, आणि त्यातून केवळ पैसे मिळण्याचाच अर्थ ध्वनित होतो, म्हणून मी रूढ शब्दच वापरतो. या काळात तो वैद्य रुग्ण तपासतोच; शिवाय अभ्यासक्रम कसा रचावा, विद्यार्थ्याची परीक्षा त्याच्या हातच्या कामावरून कशी घ्यावी, पुतळ्यावर सराव करवून झालेल्या चुकांवर त्याला न दुखावता कसे बोलावे, शिकवण्यावरच संशोधन कसे करावे, हे शिकतो. अनेक ठिकाणी त्याबरोबर शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवीही घेता येते.

आपल्याकडे हे सारे नवे आणि परके वाटेल. परंतु वैद्यकाचा शिक्षक कोणी व्हावे आणि कसे व्हावे, हा झगडा महाराष्ट्रात जवळजवळ दोनशे वर्षे चाललेला आहे.

१८२६ साली मुंबईत सरकारने देशी लोकांसाठी वैद्यकाची एक शाळा काढली. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख. शिकवायचे देशी भाषांत, आणि त्या भाषांत पुस्तके नाहीत, अशी अडचण. तेव्हा मॅक्लेनन यांनी शिकवता शिकवता पुस्तकेही सिद्ध करवली. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली ही शाळा १८३२ मध्ये बंद झाली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली, पण १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय प्रत्यक्षात १८४५ साली उघडले. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोअरहेड. मोअरहेड यांचा आग्रह असा, की वैद्यक शिकवायचे ते खाटेपाशी. महाविद्यालयाला लागून जमशेटजी जीजीभाई रुग्णालय त्याच वर्षी सुरू झाले, हा योगायोग नव्हता. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. ही नावे आपण प्राच्यविद्येच्या आणि प्रार्थनासमाजाच्या इतिहासात वाचतो. ते मुळात मोअरहेडच्या खाटांभोवती उभे राहून शिकलेले वैद्य होते, हे विसरले जाते.

१८६० च्या दशकात याच महाविद्यालयात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. इंग्रजी न येणाऱ्या तरुणांना तयार करून सरकारी दवाखान्यांत मदतनीस वैद्य म्हणून धाडावे, असा हेतू. मराठी वर्गाला शिकवणाऱ्यांत भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी होते आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. त्यांचे नाव आज बहुधा त्या गाजलेल्या खटल्याच्या संदर्भातच निघते, आणि हा त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे. वनस्पतिशास्त्र आणि प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने ‘गर्भविद्या व प्रसूतिप्रकरण’ हे पुस्तक मराठीत लिहिले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना निबंध आणि कादंबरी यांच्यापलीकडे या पुस्तकांकडेही पाहायला हवे. शाळिग्रामी शुद्धीची इथे सोय नव्हती. समोरचा विद्यार्थी उद्या कुठल्या तरी तालुक्याच्या गावी एकटा असणार आहे, आडव्या आलेल्या मुलाला फिरवायची वेळ त्याच्यावर येणार आहे. त्याला कळेल अशा वाक्यात, क्रम न चुकवता लिहायचे. शिक्षक म्हणून त्यांना कोणी तयार केले नव्हते. जी घडण झाली ती भाषेने केली, असे मला वाटते. परक्या भाषेत शिकलेली गोष्ट आपल्या भाषेत सांगताना माणसाला ती पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावी लागते, आणि ही शिक्षकाच्या घडणीची एक कठोर रीत आहे. पुढे पुणे आणि अहमदाबाद येथे स्वतंत्र वैद्यकीय शाळा निघाल्यावर मुंबईतले हे वर्ग मिटले. पुण्याची बैरामजी जीजीभाई शाळा १८७८ ची. तिचे महाविद्यालय झाले १९४६ मध्ये.

हे सारे मुंबई इलाख्यातले. हिंगोलीचा त्याच्याशी संबंध नव्हता. हिंगोली निजामाच्या राज्यात, आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. मेडोज टेलरची ठगाच्या जबानीची कादंबरी १८३९ ची; तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीचा उल्लेख येतो, हे इंग्रजीच्या अध्यापकांना आठवत असेल. फौजेला गोरे शल्यवैद्य असत. रयतेला हकीम, वैदू आणि नशीब. या मुलखासाठी वैद्यकशिक्षणाचे केंद्र म्हणजे हैदराबाद. १८४६ साली रेसिडेन्सीचे शल्यवैद्य डॉ. विल्यम कॅम्बेल मॅक्लीन यांनी तिथे वैद्यकीय शाळा काढली आणि शिक्षणाची भाषा ठेवली उर्दू. मुंबईच्या मराठी वर्गाआधी दीड दशक हे घडले. मॅक्लीन पुढे इंग्लंडमध्ये नेटलीच्या लष्करी वैद्यक विद्यालयात प्राध्यापक झाले.

पण हैदराबादच्या शाळेची खरी कीर्ती झाली ती डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या काळात, आणि ती हकिगत आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. लॉरी १८८५ च्या सुमारास आले. त्यांनी शिक्षणाची भाषा इंग्रजी केली. ते एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य, आणि गुरूकडून त्यांनी क्लोरोफॉर्मविषयी एक नियम घेतला होता : भूल देताना नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. क्लोरोफॉर्मने माणसे मरतात हे तोवर ठाऊक झाले होते. १८४८ मध्ये इंग्लंडात पायाचे नख काढताना दगावलेल्या हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीपासून ही यादी सुरू होते. वाद होता तो मरण कुठून येते याचा. आधी हृदय थांबते, की आधी श्वास? लॉरींचे मत ठाम, की श्वास. निजामाच्या पैशाने १८८८ मध्ये त्यांनी आयोग बसवला, कुत्र्यांवर प्रयोग केले आणि आपले मत सिद्ध झाल्याचे जाहीर केले. ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा निजामानेच पुन्हा पैसे देऊन इंग्लंडहून परीक्षक मागवला. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. येताना त्यांचे मत उलट होते, आणि हैदराबादेत प्रयोग पाहून तेही लॉरींच्या बाजूला झुकले.

लॉरी चुकले होते, हे पुढे कळले. १९११ च्या सुमारास लंडनच्या ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या भुलेच्या अवस्थेत अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर झाला तर हृदयाचे स्नायू थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण क्षणात बंद पडते. भ्यालेला, अर्धवट बेशुद्ध रुग्ण असा जातो. म्हणजे मरण हृदयातूनही येत होते. पण गंमत अशी, की श्वासाकडे पाहा हा लॉरींचा धडा टाकाऊ ठरला नाही. आजही आकस्मिक वैद्यकाची सुरुवात श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, या प्रश्नांनीच होते. हैदराबादच्या विद्यार्थ्यांना अत्यंत उपयोगी सवय लागली आणि तिच्याबरोबर एक चुकीचा सिद्धांतही लागला. लॉरी प्रभावी शिक्षक होते, यात शंका नाही. त्यांना न आलेली गोष्ट एवढीच, की विद्यार्थ्याला आपल्या मताविरुद्ध पुरावा शोधायला कसे शिकवावे. गुरूंनी दिलेला नियम त्यांनी शिष्यांना दिला, मधल्या मध्ये तो पारखला गेला नाही. आणि पारखण्यासाठी बसवलेला आयोगही त्यांच्याच छायेत बसला. मला ही वैद्यकशिक्षणाच्या इतिहासातली एक फार मोलाची घटना वाटते, आणि मराठवाड्याच्या जुन्या राजधानीत घडलेली असूनही आपल्याकडे ती भूलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी सांगत नाही.

मुंबईत दरम्यान प्रश्नाने निराळे रूप घेतले होते. ग्रँट महाविद्यालयातील महत्त्वाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. देशी डॉक्टर कितीही विद्वान असो, तो बहुधा सहायकच. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळच्या नव्या महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली, की इथले शिक्षक सरकारी नोकरीत नसलेले, पात्रताधारक भारतीयच असतील. १९२६ साली ते महाविद्यालय आणि किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झाले. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता. स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासात या अटीला मानाचे स्थान मिळायला हवे. तरी बारकाईने वाचले तर ती शिक्षक कोण असावा हे सांगते. शिक्षकाने काय शिकून यावे याविषयी ती गप्प आहे. त्या काळी जगात कोणीच त्याविषयी बोलत नव्हते, हेही खरे.

नेमक्या त्याच परळच्या महाविद्यालयात २००५ साली वैद्यकशिक्षकांसाठी फेलोशिप सुरू झाली. फिलाडेल्फियातील फेमर ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली होती. तिने अमेरिकेबाहेर जी प्रादेशिक केंद्रे काढली त्यांतले हे पहिले. पुढे लुधियाना आणि कोइमतूर येथेही निघाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. काही दिवस एकत्र राहून, उरलेले महिने आपापल्या महाविद्यालयात परतून. प्रत्येकाने आपल्याच संस्थेत शिकवण्यातला एखादा बदल हाती घ्यायचा, तो करून पाहायचा आणि त्याचा पुरावा मांडायचा. मला यातली एकत्र येऊन पुन्हा घरी परतण्याची योजना फार शहाणपणाची वाटते. बदली होऊन मोठ्या शहरात जायचे, म्हणजे शिकलो, या आपल्याकडच्या समजुतीला ती छेद देते. तेवढे सोडले तर बहुसंख्य वैद्यकशिक्षकांच्या वाट्याला येते ती तीन दिवसांची कार्यशाळा. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००९ पासून विभागीय केंद्रांमार्फत ती घडवली, पुढे ती बढतीशी जोडली गेली. कार्यशाळेची थट्टा करणे सोपे आहे, आणि मी ती करणार नाही. आम्ही भाषेचे अध्यापक उद्बोधन वर्गांना किती मनाने जातो, हे आम्हाला ठाऊक आहे.

आकस्मिक वैद्यकाची गोष्ट याहून तोकडी आहे. परिषदेने त्याला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली २००९ मध्ये. त्याआधी काही खासगी रुग्णालयांनी अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने अभ्यासक्रम चालवले होते, पण इथल्या नियमांत त्यांना जागा नव्हती. म्हणजे आपल्याकडे या विषयाच्या पहिल्या शिक्षकांना या विषयाची पदवी असणे शक्यच नव्हते. ते भूलशास्त्रातून आले, शल्यशास्त्रातून आले, काया-चिकित्सेतून आले. मग २०२० च्या निकषांत नव्या महाविद्यालयांसाठी आकस्मिक वैद्यकाचा विभाग आवश्यक ठरला, आणि २०२३ च्या निकषांतून तो वगळला गेला. हिंगोलीचे महाविद्यालय २०२४ चे. त्याच्यावर हा विभाग उघडण्याची सक्ती नव्हती. शिक्षकच मिळत नाहीत तर विभाग कसा चालवायचा, हा युक्तिवाद मी ऐकला आहे; त्यात तथ्य आहे. पण विभाग नाही म्हणून त्या विषयाचे शिक्षक घडणार नाहीत, आणि शिक्षक नाहीत म्हणून विभाग निघणार नाही. हा चरक फिरतच राहतो.

एक रात्र इथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नातेवाइकाच्या उशाशी बसण्याची वेळ आली होती. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी आणली गेली. रक्तदाब पडलेला, हातपाय गार. एक तरुण डॉक्टर तिची शीर शोधत होता. सुई दोनदा चुकली. त्याच्यामागे एक ज्येष्ठ डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. ते हात मला अजून दिसतात. ‘‘थांब. घाई नको. कोपराच्या आत बोटाने चाचप,’’ एवढेच त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदाही सुई लागली नाही, तेव्हा त्यांनी हात सोडवले, त्याला बाजूला केले आणि काम स्वतः केले. म्हातारी सावरली. पहाटे तीनच्या सुमारास त्याच बाई त्या मुलासमोर चहाचा कप ठेवून विचारत होत्या, ‘‘दुसऱ्या वेळी तुला नक्की काय जाणवलं, ते सांग.’’ तो रडवेला झाला होता. त्या वाट पाहत राहिल्या.

मी वर्गात प्रश्न विचारून वाट पाहतो तेव्हा त्या शांततेची कोणाला किंमत द्यावी लागत नाही. त्या बाई वाट पाहत होत्या तेव्हा म्हातारीच्या आयुष्यातले क्षण खर्ची पडत होते. लगेच हात पुढे केला तर मुलगा कधीच शिकणार नाही आणि उद्या एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्यामागे कोणी उभे नसेल. फार उशिरा केला तर आजची म्हातारी जाईल. हात नेमका केव्हा सोडवायचा हे कुठल्या पाठ्यपुस्तकात असणार? अमेरिकेतल्या त्या फेलोशिपांत ज्येष्ठ शिक्षक कनिष्ठ शिक्षकाचे शिकवणे पाहतो आणि नंतर त्यावर त्याच्याशी बोलतो, ते याच साठी. त्या रात्रीच्या बाईंना हे कोणी शिकवले होते का, मला माहीत नाही. आपल्याकडे असा शिक्षक भेटला तर आपण त्याला भाग्य म्हणतो.

या इतिहासात एक माणूस असा आहे, की जो कुठल्याच रकान्यात बसत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, म्हणजे मराठवाड्याचाच. शिक्षण नागपूर आणि पुणे. कर्मभूमी रायगड जिल्ह्यातला महाड परिसर. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर ते गेले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले मरत होती. रुग्णालयात पोचलेल्यांतलेही तीस-चाळीस टक्के दगावत. बावस्कर रुग्णाच्या खाटेपाशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवू लागले : घाम केव्हा सुटतो, रक्तदाब केव्हा चढतो, फुप्फुसांत पाणी केव्हा भरते. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि हृदय त्याखाली कोलमडते, असे त्यांच्या ध्यानात आले. लेव्हींनी मांजरांच्या हृदयात पाहिलेली तीच द्रव्ये, पाऊणशे वर्षांनी महाडच्या भातखाचरातून आलेल्या रुग्णांत. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरले आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे.

बावस्करांची कथा आपण जिद्दीची कथा म्हणून वाचतो. तिच्यात शिक्षकाचीही एक कथा आहे. औषध सापडल्यावर ते आरोग्य केंद्रावरच्या एकट्या डॉक्टरला, रात्री, तपासण्यांच्या सोयीशिवाय वापरता यायला हवे होते. म्हणून त्यांच्या निबंधांत यंत्रांपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या खुणांवर भर आहे. सखाराम अर्जुनांच्या समोर जो विद्यार्थी होता, तोच शंभर वर्षांनी बावस्करांच्या समोर आहे. लॉरींशी तुलना केली तर फरक असा, की २०११ मध्ये विंचूदंशावरची लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास अधिक लवकर गुण येतो का, ही चाचणी बावस्करांनी स्वतः केली, तो येतो असे दिसल्यावर तसे छापले, आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारात दुरुस्ती केली. गुणी माणूस स्वतःच स्वतःला शिक्षक म्हणून घडवू शकतो, याचा हा पुरावा आहे. आणि तो नेमका याच कारणाने धोरणाला निरुपयोगी आहे. प्रत्येक जिल्ह्याला एक बावस्कर मिळेल, या भरवशावर महाविद्यालय काढता येत नाही.

मराठवाड्याने तशी वाट फार पाहिली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचे राज्य गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मग अंबाजोगाई, १९८८ मध्ये नांदेड, २००२ मध्ये लातूर, २०२३ मध्ये परभणी, २०२४ मध्ये जालना आणि हिंगोली. दरम्यान जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका राज्यभर धावू लागल्या. त्यांच्यावर डॉक्टर असतो, आणि तो बहुतेक वेळा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. हिंगोलीच्या आकस्मिक वैद्यकाचा प्रत्यक्ष भार त्याच्यावर आहे. त्याला कोण शिकवते, कितीदा शिकवते, हाही वैद्यकशिक्षणाचाच प्रश्न आहे, पण महाविद्यालयाच्या निकषांत तो कुठे बसत नाही.

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय आयोगाने शिक्षकांच्या पात्रतेचे नवे नियम काढले. २२० किंवा त्याहून अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला विशेषज्ञ आता थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो, दोन वर्षे केलेला सहायक प्राध्यापक. काही जणांनी याला दर्जा खालावणे म्हटले. माझे मत थोडे वेगळे आहे. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे काढलेल्या डॉक्टरकडे जे आहे ते मोठ्या महाविद्यालयातल्या अनेकांकडे नसते. सर्पदंश, विषबाधा, ट्रॅक्टरखाली सापडलेले पाय, हे त्याने सतत पाहिलेले आहे. त्याचे मडके वैद्य म्हणून पक्के आहे. शिक्षक म्हणून ते भाजायचे राहिले आहे, आणि नियम त्यासाठी त्याला काही दिवसांच्या अभ्यासक्रमापलीकडे फारसे काही देत नाही. परळच्या धर्तीची, घरी राहून करता येणारी दोन वर्षांची फेलोशिप नांदेड किंवा औरंगाबादच्या आधाराने अशा डॉक्टरांसाठी का निघू नये? तिच्यातला एक भाग खास अपघात विभागात शिकवण्याचा असावा. ती मराठीतही का चालू नये, हे मी विचारणार नाही. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये हिंदी पुस्तके काढली तेव्हा झालेला गदारोळ ताजा आहे. एवढेच म्हणतो, की रात्री तीन वाजता चहाच्या कपावर जे बोलणे झाले ते मराठीत झाले होते.

सध्याच्या नियमानुसार वैद्यकाचा विद्यार्थी साडेचार वर्षांनंतर आंतरवासितेला जातो आणि त्या वर्षभरात अपघात विभागात त्याचे दोन आठवडे असतात. हिंगोलीची पहिली तुकडी २०२४ च्या पावसाळ्याअखेर आत आली. म्हणजे २०२९ मध्ये केव्हातरी तिच्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी तिथल्या अपघात विभागात पहिल्या रात्रपाळीला उभी असेल. सेनगावकडून किंवा औंढ्याच्या बाजूने कोणीतरी आणले गेले असेल, हात गार पडलेले असतील, आणि शीर सापडत नसेल.